चौदावी पोफळ

१६ नोव्हेंबर २०२३

माझा पहिला ठोकळा समुद्रात पडला!

आश्लेषानं फोनवर तीनदा बजावलं होतं — आत्या, आधी नीट जमिनीवर उभी राहा, मग ठोकळा काढ. मी नेमकी कडेला उभी. वर कसलंसं बटण दाबलं, वस्तूला वजन देणारं. लाकडाच्या रंगाचा अर्ध्या मीटरचा ठोकळा आला आणि गडगडत पाण्यात गेला. चौतीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली आणि एक घन जागेवर ठेवता आला नाही. तात्या पलंगावरून हसले. मोठ्यानं. वादळानंतर ते हसल्याचं मला आठवत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

१७ नोव्हेंबर

हा उद्योग कशासाठी ते एकदा लिहून टाकावं, नाहीतर पुढच्या वर्षी वाचताना मलाच वाटेल बाईचं डोकं फिरलं होतं.

आश्लेषा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तात्यांची मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरवरच नोकरी. दिवाळीला आली तेव्हा लॅपटॉपवर एक मांडलेलं जग दाखवलं. तिथे जमिनीचा तुकडा मिळतो, त्यावर हवं ते बांधायचं, आणि आपलं एक बाहुलं त्यातून हिंडवायचं. माझ्या बाहुलीला पिवळे केस आणि तंग पँट आली आहे. बदलता येत नाही, म्हणजे मला येत नाही. तात्यांनी विचारलं, ही कोण बाई आपल्याकडे?

तात्यांची वाडी २०२० च्या वादळात गेली. चारशेपैकी तीनशे बारा पोफळी एका दुपारी आडव्या. ते मागच्या दारात उभे राहिले, बघितलं, आत आले आणि पुन्हा वाडीत पाऊल टाकलं नाही. गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं, आता जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. मी मे महिन्यात पालीच्या शाळेतून निवृत्त झाले आणि श्रीवर्धनला भावाजवळ येऊन राहिले. आश्लेषा म्हणाली, बाबांना त्यांची वाडी परत दाखवू या आत्या, तू बांध, मी शिकवते. मी हो म्हटलं. ती वाडी मला स्वतःला बघायची आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

२४ नोव्हेंबर

आठवडाभर एकच पोफळ करते आहे. आधी दंडगोल घ्यायचा, मग वरून निमुळता करायचा. खोडावरच्या गोल खुणांसाठी मागच्या दारातल्या उरलेल्या पोफळीचा फोटो काढून तो दंडगोलाला गुंडाळला. उंची चौदा मीटर. झावळ्यांना पाच दिवस गेले, कारण कडा पारदर्शक करायच्या राहिल्या होत्या आणि पोफळीला झावळ्यांऐवजी हिरवे पुठ्ठे लागले होते.

खूश होऊन तात्यांना दाखवली. म्हणाले, "ही पोफळ नव्हे, हा विजेचा खांब."

बरोबर होतं त्यांचं. पोफळ कधी सरळ नसते. उजेडाकडे कलते, शेजारणीला टाळून कलते. प्रत्येकीला थोडा थोडा कल दिला.

२६ नोव्हेंबर

एकीवरून चाळीस पोफळी काढल्या. नक्कल करायची सोय आहे, दोन मिनिटांत वाडी उभी! तात्यांना ते चाललं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि विहिरीपासून एकेक सांगायला लागले. पहिली विहिरीच्या काठाला, बुंध्याशी जाड. दुसरी पाच पावलांवर, थोडी समुद्राकडे. तिसरीच्या डोक्यात वीज पडून गेलेली, तरी सुपारी धरायची. मी पावलांचे मीटर करत बसले. त्यांचं एक पाऊल मी पाऊण मीटर धरलं. पण त्यांची पावलं उतारावर लहान होतात हे चौथ्या रांगेत कळलं, मग सगळ्या रांगा पुन्हा सरकवल्या.

डोळे मिटून चारशे झाडं सांगणारा माणूस. आणि मी गोळ्या दिल्या की नाही, हे रोज मला विचारतात.

२ डिसेंबर

आज वस्तूला शिकवायला सुरुवात. स्क्रिप्ट म्हणजे त्या वस्तूच्या पोटात ठेवलेली सूचनांची चिठ्ठी. हात लावला तर हे कर, इतके सेकंद झाले तर ते कर. पहिल्याच चिठ्ठीत विहिरीच्या रहाटाला बोलायला लावलं. हात लावला की म्हणतो, "नमस्कार बाई." चौथीच्या वर्गासारखा. मला फार हसू आलं.

मग पोफळींना दर दोन सेकंदांनी थोडं डोलायला लावलं. सगळ्या एकदम एकाच बाजूला डोलल्या, कवायत करत असल्यासारख्या. प्रत्येकीचा वेळ वेगळा केला. मग जमलं.  तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. चांगला हात वर करून म्हणाले, आता वरून सुपारी पाडणारा हवा. सदासारखा.

या घरात माझ्यादेखत हे नाव शेहेचाळीस वर्षांत कुणी घेतलेलं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि भाजी लागत्येय म्हणून उठले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

३ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. पण इथेही लपवायचं तर मग वही कशाला?

आमच्या वाडीची रीत अशी होती. सुपारी पाडणारा पायात दोरीचा फास अडकवून पहिल्या पोफळीवर चढला की खाली उतरायचा नाही. घड कापून खाली सोडायचा, मग शेंड्यावरूनच झोका घेऊन पुढची पोफळ धरायचा आणि तिच्यावर जायचा. तीस-चाळीस झाडं अशी वरच्या वर. पण पुढची पोफळ आतून किडली आहे की धड आहे, हे वरून कळत नाही. म्हणून एक जण खालून चालायचा. हातात गोटा. पुढच्या पोफळीच्या बुंध्यावर ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर "ये" म्हणायचं. बद्द आला तर "नको".

माझा कान चांगला होता. बाबा गेल्यावर वाडी तात्यांच्या हातात आली, ते सव्वीसचे होते. शाळेला सुट्टी असली की खालून चालायचं काम मला. मला त्याचा केवढा अभिमान! मोठी माणसं वर झाडावर माझ्या शब्दावर हलत होती.

डिसेंबर १९७७. मी बारा वर्षांची. वर सदाभाऊ. विहिरीकडच्या रांगेतली चौदावी पोफळ. मी गोटा मारला. बद्द आवाज आला. तो आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो. त्यानंतर आठवतं ते झाड मोडल्याचं. मधलं काही नाही.

मी "नको" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सदाभाऊ आले नसते. ते आले, म्हणजे मी म्हटलं नव्हतं. हे गणित मी तेव्हाच मांडलं आणि त्यात चूक कधी सापडली नाही.

सदाभाऊ तिथेच गेले. त्यांची बायको वेणूबाई दहा पावलांवर घड गोळा करत होत्या. मला कुणी रागावलं नाही. एक शब्द नाही. त्यावरूनच मला कळलं की माझ्या हातून फार वाईट झालंय. महिन्याभरात तात्यांनी मला पेणला मावशीकडे शिकायला पाठवलं. वेणूबाईंच्या दारात मी पुन्हा गेले नाही. बाजारात समोरून आल्या तर मी रस्ता ओलांडते. अजून.

४ डिसेंबर

आज काही केलं नाही. पावट्याची उसळ केली, ती खारट झाली.

९ डिसेंबर

तात्या रोज विचारतात, वरचा माणूस कुठवर आला? लहान मुलासारखा हट्ट. नाही म्हणायला कारण सापडेना. खरं कारण सांगायचं तर तोंड उघडायला हवं.

करायचंच तर नीट करू. माणूस केला. धड, हात, पाय, कमरेला कोयता. डोक्याला मुंडासं. तोंडावर नाकडोळे काढले नाहीत. चिठ्ठीत पोफळींच्या जागांची यादी दिली, यादीतल्या पहिलीवर चढ, चार सेकंद थांब, बारा अंश कल, दुसरीवर जा. पहिल्या वेळी तो खोडाच्या आरपार गेला. दुसऱ्या वेळी एका आकड्याचं चिन्ह चुकलं आणि तो समुद्रावर आभाळात लटकत राहिला. एरवी हसले असते. धावत जाऊन खाली आणला — म्हणजे खुर्चीत बसून, पण मला धाप लागली होती.

१५ डिसेंबर

या जगात वस्तूंना तीन प्रकारे बोलता येतं. कुजबुजलं तर दहा मीटरपर्यंत ऐकू जातं, बोललं तर वीस, ओरडलं तर शंभर. त्यापलीकडे नाही. आश्लेषा हे सहज सांगून दुसऱ्या विषयाकडे वळली.

पोफळ चौदा मीटर. ओरडायचीसुद्धा गरज नव्हती. साधं बोलले असते तरी पुरलं असतं.

२० डिसेंबर

माणूस आता छान चालतो. चढतो, थांबतो, झोका घेतो, जातो. पहिलीपासून तेरावीपर्यंत. मग उलटा परत विहिरीकडे. आश्लेषानं पुण्याहून तिच्या बाहुलीला पाठवून बघितलं आणि म्हणाली, आत्या, तुझ्या यादीत चौदावी राहिली की. मी म्हटलं ती झालेली नाही अजून. ती तिच्यासमोर उभी होती, बाकीच्यांसारखी डोलत. पोरगी हुशार आहे, पुढे बोलली नाही.

२७ डिसेंबर

तात्यांना आज सगळं दाखवलं. पाठीला दोन उशा लावून बसवलं, चष्मा पुसून दिला. त्यांनी तेरा पोफळी बघितल्या. माणूस परत फिरल्यावर म्हणाले, पुढे? मी म्हटलं एवढंच झालंय.

 मग विचारलं, "खाली पोरगी कुठाय?"

मी म्हटलं, कुठली पोरगी. ते म्हणाले, "तू."

मी उद्या करते म्हणाले. चहा टाकायला गेले ती अर्धा तास आत उभी राहिले.

३१ डिसेंबर

मुलगी केली. दुपार सगळी दोन वेण्यांत गेली. फ्रॉकचा रंग आठवेना, मग शाळेचा गणवेशच घातला, तो तरी नक्की माहीत आहे. हातात गोटा. पोफळीच्या बुंध्याशी जाते, ठोकते, "ये" म्हणते, वरचा माणूस ते ऐकतो आणि निघतो. तेरा वेळा.

चौदावी यादीत घातली. तिच्या खोडाला वजन दिलं, म्हणजे माणसाचा हात लागला की मोडून पडेल. मुलीच्या चिठ्ठीत चौदाव्या पोफळीपाशी फक्त ठोकायचं लिहिलं. पुढची जागा कोरी. माणसाला सांगितलं, काही ऐकू आलं नाही तर चार सेकंदांनी आपला आपण जा.

चालवून बघितलं नाही. आधी तात्यांसमोर. चिठ्ठी एकदा बरोबर झाली की मी तोंडानं सांगणार आहे. बहात्तर वर्षांचा माणूस पलंगावर पडलाय. त्याला हे न सांगता राहिले तर मग कुणाला सांगणार?

४ जानेवारी २०२४

सकाळी अकराला तात्यांचं अंग पुसून झाल्यावर लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

सुरू केलं. मुलगी ठोकते, "ये". माणूस जातो. मुलगी ठोकते, "ये". तात्या ओठांनी मोजत होते. तेरावी झाली. मुलगी चौदावीकडे गेली. ठोकलं. आणि नुसती उभी राहिली. एक, दोन, तीन, चार. माणूस कलला, त्यानं हात टाकला, पोफळ मोडली.

मी म्हटलं, तात्या, माझ्यामुळे झालं ते. आवाज बद्द होता, मला कळलं होतं, आणि मी गप्प राहिले. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. मी रडेन असं वाटलं होतं. रडले नाही, परीक्षेच्या सूचना वाचून दाखवाव्या तसं सांगितलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बोट स्क्रीनवरच्या मुलीवर ठेवलं.

"हे चुकलंय."

मी विचारलं, काय चुकलंय.

"ही ओरडत नाही. तू ओरडलीस ना. नको, नको, दोनदा. सदा थांबला होता."

मला वाटलं त्यांच्या डोक्यात काही घोटाळा झाला. गेल्या वर्षापासून कधी कधी होतो. पण त्यांचा आवाज पोफळींच्या जागा सांगतानाचाच होता, अगदी तसाच, डोळे मिटलेले.

"मी म्हटलं त्याला, पोरीचं काय ऐकतोस, कालच बघितलीय मी ती, जा. माल न्यायला बाहेर ट्रक उभा होता." मग म्हणाले, "नव्हती बघितली."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. थोडं उशीवर सांडलं ते पुसलं. मग मागच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथे आता नवी रोपं गुडघ्याएवढी आहेत.

५ जानेवारी

मी ओरडले होते.

दोनदा.

७ जानेवारी

दोन दिवस मी पिसासारखी हलकी होऊन हिंडते आहे. काल बाजारात जाऊन स्वतःसाठी साडी घेतली, काही कारण नसताना. आज तीन पोळ्या खाल्ल्या. बारा वर्षांच्या त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटतं — वेण्या मी इतक्या मन लावून केल्या, ते कळत होतं का मला आतून?

आणि तात्यांचा राग! असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. आज गोळ्या देताना विचारलं, मला इतकी वर्षं सांगितलं का नाही? म्हणाले, तुला ठाऊक होतं असंच मी धरून चाललो. मग भिंतीकडे तोंड केलं. कोणत्या तोंडानं मी त्यांची उशी बदलते, जेवण भरवते, मला कळत नाही. आणि तरी भात मऊच शिजवते.

मी म्हटलं, वेणूबाईंना सांगायला जाणार. त्यांना कळायला हवं.

ते म्हणाले, "आता सांगून काय मिळणार?"

मी म्हटलं, मला मिळेल. हे तोंडातून निघून गेलं, पण खरं आहे. वेणूबाईंना न्याय वगैरे द्यायला मी निघालेली नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवावा, कुमू तुझी चूक नव्हती म्हणावं, एवढंच मला हवंय. तात्या नको म्हणाले नाहीत.

८ जानेवारी

मुलीच्या चिठ्ठीतली कोरी जागा भरायला बसले. हात चालेना. आधी वेणूबाईंकडे जाऊन येते.

९ जानेवारी

आराठीला वेणूबाईंच्या मुलाच्या घरी गेले. त्या अंगणात सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. मी पायरीवर बसले आणि एका दमात सांगितलं. मी ओरडले होते, तात्या जा म्हणाले.

"ठाव हाय मला. दहा पावलांवर व्हते." हात थांबला नाही. "पोलिसांच्या जमादारापुढं मी त्येच सांगितलं. पोरगी वरडली, हे थांबलं, मालकांनी जा म्हनलं. मग जमादारानं तुमाला वट्यावर बसवून इचारलं, वरडलीस का गं? तुमी न्हाय म्हनलात. मी खोटी पडले, ताय. मेल्या नवऱ्याच्या नावानं खोटं बोलनारी, असं बोलायचं गाव."

मी म्हटलं, मला हे आठवत नाही.

त्यांनी सुपारी खाली ठेवली, मुलाला आणि सुनेला बाहेर बोलावलं. "ह्यांच्या म्होरं बोला," म्हणाल्या.

मी पायरीवरून उठले आणि बोलले. मी ओरडले होते. सदाभाऊ थांबले होते. वेणूबाई खरं सांगत होत्या. खोटं मी बोलले.